कोंबडीची गाठ आणि उंदरिणीचे दूध

माझ्या टेबलाच्या खणात एक निळे अंतर्देशीय पत्र आहे. घड्यांवर ते आता फाटत चालले आहे आणि शाई फिकी पडली आहे. १९७२ च्या श्रावणात ते मला पुण्याला आले. लिहिणारी माझी आतेबहीण, रत्नागिरीकडच्या एका खेड्यात दिलेली. वरच्या घड्यांवर नेहमीचा मजकूर आहे: थोरांना नमस्कार, यंदा पाऊस हात राखून आहे, लावणी कशीबशी आटोपली, मुलगी सव्वा महिन्याची झाली. अंतर्देशीय पत्रात कागद घालता येत नाही, म्हणून तिने वर्तमानपत्रातल्या एका बातमीच्या चार ओळी खाली उतरवून काढल्या होत्या. आणि मग, जागा उरली नाही म्हणून कडेच्या पट्टीवर आडवा लिहिलेला एक प्रश्न: ‘हिला अंगावर पाजू की नको? इकडे म्हणतात, आईचे ते हिलाही जाईल. तू शास्त्र शिकलेला. तू सांगशील तसे करीन.’

या प्रश्नाला मी काय उत्तर दिले ते सांगायचे आहेच. परंतु त्यासाठी मला वाचकांना अगोदर न्यूयॉर्कमधील एका कोंबडीकडे, मग शिंगे फुटलेल्या सशांकडे आणि त्यानंतर अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या एका गावातील पांढऱ्या उंदरांकडे न्यावे लागेल. वाट थोडी लांबची आहे खरी.

पण सगळ्यांच्या आधी आत्या.

आत्या मुंबईस आली ती १९५८ साली, पावसाळ्याच्या तोंडावर. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या आणि त्यांत आम्ही सहा माणसे, आत्या सातवी. तिच्या छातीत गाठ आली होती. परळच्या टाटा इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि मग कित्येक दिवस ती वडिलांबरोबर ट्रामने ‘लाइट घ्यायला’ जात असे. किरणोपचारांना तेव्हा चाळीत सगळे असेच म्हणत.

आजीने तिचा कप वेगळा केला. कान तुटलेला, चिनी मातीचा. तो मोरीच्या फळीवर पालथा असे आणि आत्या स्वतःच तो विसळून ठेवी. माझा धाकटा भाऊ तिच्या मांडीवर जाऊन बसला की आई काहीतरी निमित्त काढून त्याला उचलून नेई. तिला कोणी वाईट बोलले नाही. तीही काही बोलली नाही. फक्त ती पाणी वरून ओतून पिऊ लागली, जशी पूर्वी कधी पीत नसे. एकदा चाळीतले डॉक्टर आले असताना वडिलांनी मुद्दाम आजीच्या देखत विचारले. डॉक्टर म्हणाले, ‘‘आजी, हा रोग लागत नाही हो.’’ आजी म्हणाली, ‘‘लागत नाही, तर मग आला कुठून?’’ डॉक्टरांनी हसून बॅग उचलली.

आजीच्या त्या प्रश्नाला त्या वर्षी जगात कोणापाशीच धड उत्तर नव्हते. मात्र प्रश्न जुना होता, आणि त्याची एक विचित्र हकीकत त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे प्रयोगशाळांतून पडून होती.

ही हकीकत १९०९ साली सुरू झाली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधनसंस्थेत पेटन राउस नावाचा तीस वर्षांचा डॉक्टर नुकताच रुजू झाला होता. जन्म बाल्टिमोरचा. वैद्यकीच्या शिक्षणात शवविच्छेदन करताना क्षयी हाडावर बोट खरचटून त्याला क्षयाची बाधा झाली, काखेतली गाठ काढावी लागली, आणि प्रकृती सुधारण्यासाठी टेक्ससमध्ये गुराख्यांच्या संगतीत मोकळ्या हवेत राहावे लागले. तेथून तो बरा होऊन परत आला. संस्थेच्या प्रमुखांनी त्याच्याकडे कर्करोगाचे काम सोपविले. हितचिंतकांना ते फारसे रुचले नसावे, कारण कर्करोग म्हणजे त्या काळी संशोधकाचे आयुष्य गिळून टाकणारी खाण. हाती काही लागत नसे.

अशात एक कोंबडी आली. प्लिमथ रॉक जातीची, अंगावर करड्या-पांढऱ्या पट्ट्यांची. तिच्या छातीवर उजव्या बाजूस मोठी गाठ होती. राउसने गाठ काढली, तिचे तुकडे केले आणि त्याच वाणाच्या दुसऱ्या कोंबड्यांत टोचले. त्यांतल्या काहींत गाठ धरली. एवढ्यात नवल काहीच नव्हते. एका जनावरातल्या गाठीचे कलम दुसऱ्यात लावता येते हे उंदरांवरून माहीत होते. कलम म्हणजे जिवंत पेशी. त्या नव्या जागी रुजल्या आणि वाढल्या, इतकेच.

राउसने पुढे जे केले ते वरवर पाहता अगदी साधे होते. त्याने गाठ वाळूबरोबर खलून तिचा लगदा केला, तो खारट पाण्यात कालवला, गाळ बसू दिला आणि वरचे पाणी अशा गाळणीतून नेले की जिच्या छिद्रांतून पेशी तर नाहीच, पण जिवाणूही पार होऊ नये. या गाळण्या जर्मनीत एका विशिष्ट मातीपासून बनवीत. खाली उतरले ते नितळ पाणी. ते पाणी त्याने धडधाकट कोंबड्यांस टोचले. काही आठवड्यांत त्यांना गाठी आल्या, आणि त्या मूळ गाठीच्याच जातीच्या होत्या.

१९११ साली त्याने हे प्रसिद्ध केले. याचा अर्थ असा होत होता की, पेशीहून आणि जिवाणूहूनही सूक्ष्म असे काहीतरी त्या पाण्यात आहे आणि ते कर्करोग उत्पन्न करते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. राउसने स्वतः तो शब्द फार जपून वापरला.

यावर विद्वान मंडळींची प्रतिक्रिया काय झाली असेल? संताप झाला असता तर बरे झाले असते. पण तो झाला नाही. लोकांनी खांदे उडविले. कोणी म्हणाले, गाळणी फुटकी असेल. कोणी म्हणाले, ही खरी कर्करोगाची गाठच नव्हे. आणि बहुतेकांनी एकच वाक्य उच्चारले, ते असे की, ही तर कोंबडी आहे. पक्ष्यांत काहीही होईल. त्याचा माणसाशी काय संबंध? या उपेक्षेला एक सबळ कारणही होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कर्करोगाचा जंतू सापडल्याच्या घोषणा वरचेवर होत आणि वरचेवर खोट्या ठरत. शहाण्या माणसाने त्या वाटेस जाऊ नये असा संकेतच पडून गेला होता. खुद्द राउसच्या तीन वर्षे अगोदर, १९०८ साली, डेन्मार्कमध्ये एलरमान आणि बांग या दोघांनी कोंबड्यांतील रक्ताचा कर्करोग अशाच गाळलेल्या द्रवाने पसरविला होता. पण रक्ताच्या त्या विकाराला तेव्हा कोणी कर्करोगच मानीत नव्हते. मग लक्ष कोण देणार?

राउसने उंदरांत आणि इतर सस्तन प्राण्यांत असाच विषाणू सापडतो का, हे पाहण्याचा प्रयत्न केला. सापडला नाही. १९१५ च्या सुमारास त्याने हे काम बाजूस ठेवले आणि तो रक्ताकडे वळला. वाया गेला असे मात्र नाही. सहकारी टर्नर याच्याबरोबर त्याने रक्त साखर आणि सायट्रेट घालून काही आठवडे टिकविण्याची युक्ती काढली, आणि तिच्यावरूनच ऑस्वाल्ड रॉबर्टसन याने १९१७ साली महायुद्धाच्या आघाडीवर रक्त साठवून जखमी सैनिकांना दिले. आजच्या रक्तपेढ्यांची मुळे तेथे आहेत. कोंबडीवरून हताश होऊन उठलेल्या माणसाने जाता जाता केलेले हे काम! असो.

वीस वर्षांनी त्याला कोंबडीच्या वाटेवर परत आणले ते सशांनी. अमेरिकेतील शिकाऱ्यांना कधी कधी शिंगे असलेला रानससा दिसे. गप्पांत त्याच्या चिक्कार कथा होत. रिचर्ड शोप हा आयोवा प्रांतातला, रॉकफेलर संस्थेच्याच प्रिन्स्टन शाखेत काम करणारा. त्याने ही शिंगे मागविली. शिंगे कसली, सशाच्या तोंडावर आणि अंगावर वाढलेले काळे, टणक चामखीळ. त्याने ते कुटले, गाळले आणि तो द्रव सशांच्या खरवडलेल्या कातडीवर चोळला. चामखीळ उगवले. हे १९३३ साल. शोप उदार मनाचा होता. त्याने हा सारा पसारा राउसच्या हवाली केला. राउस आणि त्याचा सहकारी बीअर्ड यांनी पाहिले की, पाळीव सशांत हे चामखीळ काही महिन्यांनी खोल मुळे धरतात आणि खरोखरीचा कर्करोग होतो. आता कोंबडी नव्हती. आपल्यासारखाच पिलांना दूध पाजणारा प्राणी होता.

त्यात एक कोडे निघाले. पाळीव सशाचा चामखीळ वाढत असे, पण त्यात विषाणू शोधू गेले तर सापडत नसे. चोर घरात शिरला, घर पेटवले आणि नाहीसा झाला, अशातला प्रकार. हा ससा वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याचे काम पुढे आहे.

आता उंदीर. माझ्या उत्तराशी खरा संबंध यांचाच.

अमेरिकेच्या मेन प्रांतात बार हार्बर नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १९२९ साली जॅक्सन प्रयोगशाळा निघाली. तिथले काम म्हणजे उंदरांची शुद्ध कुळे तयार करणे. पिढ्यान् पिढ्या भावाबहिणींचा संकर केला की कुळातले सर्व उंदीर जवळजवळ एकसारखे होतात. काही कुळांत बहुतेक माद्यांना म्हातारपणाआधी स्तनाचा कर्करोग होई, काहींत क्वचितच. साहजिकच सगळ्यांना वाटले की, हा रक्तातून येणारा वारसा. पण १९३३ साली तेथल्या मंडळींच्या ध्यानी एक चमत्कारिक गोष्ट आली. रोगी कुळातली आई आणि निरोगी कुळातला बाप असला तर लेकींना रोग होई. उलट बाप रोगी कुळातला आणि आई निरोगी कुळातली, तर लेकी बहुधा सुटत. वारसा जर रक्ताचा असेल तर आईकडचा काय आणि बापाकडचा काय, सारखाच पोचावयास हवा. आईकडून जादा असे काय जाते?

जॉन बिटनर याने त्याचे उत्तर काढले. रोगी कुळातली पिले जन्मताच, आईचा एक घोटही न घेऊ देता, त्याने निरोगी कुळातल्या उंदरिणीखाली ठेवली. त्या पिलांत मोठेपणी कर्करोग कितीतरी कमी झाला. निरोगी कुळातली पिले रोगी कुळातल्या आईने पाजली, तर त्यांच्यात तो शिरला. म्हणजे जे जात होते ते दुधातून. १९३६ साली हे प्रसिद्ध झाले. बिटनरने ‘विषाणू’ असे मात्र म्हटले नाही; दुधातला ‘घटक’ म्हटले. पंचवीस वर्षांपूर्वी कोंबडीवाल्याचे काय झाले हे त्याला ठाऊक होते. १९४७ साली बार हार्बरच्या रानाला मोठी आग लागली आणि तिच्यात ही प्रयोगशाळा उंदरांसकट जळाली. ज्यांना पूर्वी तेथून उंदीर पाठविले होते अशा जगभरच्या प्रयोगशाळांनी आपल्याकडची कुळे परत धाडली आणि काम पुन्हा उभे राहिले. शास्त्रज्ञांत भाऊबंदकी पुष्कळ, तरी असेही घडते.

उंदरांचा हा प्रश्न परळलाही आला होता. टाटा इस्पितळाच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांनी भारतातल्या कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला, हे वाचकांपैकी काहींना माहीत असेल. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमलाबाई रणदिवे यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली, मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी काचेच्या भांड्यात वाढविण्याचे तंत्र शिकून त्या परत आल्या आणि भारतातली त्या प्रकारची पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. १९५२ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी उंदरांची कुळे सांभाळली आणि स्तनाच्या कर्करोगात विषाणू, कुळ आणि शरीरातील अंतःस्राव यांचा एकमेकांशी कसा मेळ बसतो हे तपासले. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. दुधातला विषाणू मिळाला म्हणून प्रत्येक उंदरिणीस गाठ येत नाही. कुळ तसे असावे लागते, बाळंतपणे व्हावी लागतात. एकच एक कारण शोधणाऱ्याची तेथे निराशा होते. आत्या ट्रामने ज्या परळला जात होती तेथेच हे उंदीर पिंजऱ्यात होते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले.

आत्याच्या त्या काळात सगळीकडेच हा विषय नव्याने उसळला होता. पोलंडमधून युद्धाच्या धामधुमीत निसटलेल्या लुडविक ग्रॉस या डॉक्टरने न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या इस्पितळात १९५१ साली दाखविले की, उंदरातील रक्ताचा कर्करोग गाळलेल्या द्रवाने पसरतो. अट एकच, द्रव टोचायचा तो जन्मून काही तासच झालेल्या पिलांना. थोरांवर प्रयोग करून करून इतरांनी हात टेकले होते. पुढे बेथेस्डा येथे सारा स्ट्यूअर्ट आणि बर्निस एडी या दोन बाईंनी असा विषाणू काचेच्या भांड्यात वाढविला की, जो उंदराच्या शरीरात वीसएक निरनिराळ्या तऱ्हांच्या गाठी उठवी. १९५८ साली त्यांनी त्याला ‘पॉलिओमा’ हे नाव दिले. ते वर्ष आत्याच्या कपाचे.

याच एडीबाईंनी पुढे आणखी एक अप्रिय गोष्ट काढली. पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवीत, आणि ती तांबड्या तोंडाची माकडे त्या काळी हजारोंनी आपल्याच देशातून विमानाने जात. त्या पेशींचा अर्क हॅम्स्टर नावाच्या छोट्या उंदरासारख्या प्राण्यास टोचला तर गाठी येत. बाईंनी वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठांना ते आवडले नाही आणि लशीच्या तपासणीचे काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. तो विषाणू १९६० साली इतरांच्या हाती स्वतंत्रपणे लागला, आणि पुढे लस त्यापासून मुक्त करण्यात आली. ज्यांना ती जुनी लस टोचली गेली अशा लाखो मुलांची नंतर पाहणी झाली. त्यांच्यात कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. हॅम्स्टरला जे झाले ते माणसाला झाले नाही. कोंबडीवाल्याला खांदे उडवून दाखविणाऱ्यांची बाजू येथे खरी ठरली, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

पण १९७२ साली मी इतका विचार करीत नव्हतो. मी चोवीस वर्षांचा होतो, पुण्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर, आणि स्वतःविषयी माझे मत उत्तम होते. बिटनरच्या उंदरिणी मला तोंडपाठ होत्या. आणि आतेबहिणीने ज्या चार ओळी उतरवून पाठविल्या होत्या त्याही मी शिक्षकांच्या खोलीत वाचल्या होत्या. बातमी खोटी नव्हती. अमेरिकेतील डॅन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली स्त्रियांचे दूध विद्युत्-सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्यांनी मुद्दाम मुंबईच्या पारशी स्त्रियांचे दूध निवडले, कारण पारशी समाजात स्तनाचा कर्करोग मुंबईतील इतर समाजांहून अधिक आढळे आणि त्यांची लग्ने समाजातच होत. जणू उंदरांच्या शुद्ध कुळासारखा मानवी नमुना. काही दुधांत उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण दिसले. ते पारशी स्त्रियांच्या, आणि ज्यांच्या घरात हा रोग होऊन गेला आहे अशा स्त्रियांच्या दुधात अधिक वेळा दिसले. मुंबईतल्या संशोधकांनीही पुढच्या वर्षी त्या कणांवर काम केले. अशा घराण्यातल्या मातांनी पाजू नये की काय, अशी चर्चा परदेशी डॉक्टरांत सुरू झाली होती.

आत्या १९६३ साली गेली होती. तिने आपल्या लेकीला अंगावर पाजले होते. ती लेक आता आई झाली होती. उंदरांचे कोष्टक माझ्यापुढे स्वच्छ उभे राहिले: आजी, आई, नात. मी पोस्टकार्ड घेतले आणि लिहिले, ‘खबरदारी म्हणून पाजू नये. वरचे दूध सुरू करावे. काळजीचे कारण नाही.’

कोकणात पावसाळ्यात तान्ह्या मुलाला वरचे दूध म्हणजे काय, हे मला कळत नव्हते. कळणारी आजी तोवर राहिली नव्हती. मुलीला दोनदा हगवण लागली. दुसऱ्या वेळी तिला बैलगाडीतून आणि मग एस.टी.ने रत्नागिरीच्या इस्पितळात नेले आणि नऊ दिवस ठेवले. ती वाचली. हे सगळे मला पुढे दिवाळीत मुंबईस कळले. आतेबहिणीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दूध आटल्यावर पुन्हा येत नाही, एवढेच ती आईपाशी म्हणाली.

मागाहून काय झाले? दुधातल्या त्या कणांचा आणि रोगाचा मेळ पुढच्या तपासण्यांत टिकला नाही. धडधाकट घराण्यातल्या बायकांच्या दुधातही तसले कण दिसू लागले. आईचे दूध प्यालेल्या मुलींना, पुढे आईस स्तनाचा कर्करोग झाला असला तरीही, त्या दुधामुळे रोग अधिक होतो असे आढळले नाही. आणि २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र मांडले तेव्हा उलटेच दिसले: अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःलाच या रोगाचा धोका कमी असतो, पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे सुमारे ४.३ टक्क्यांनी. मी जी खबरदारी सुचविली तिने मुलीचे काही टळले नाहीच. आईचे मात्र थोडेसे संरक्षण गेले.

कोंबडीच्या गोष्टीचा शेवट मात्र राहिला. राउसला नोबेल पारितोषिक मिळावे अशी पहिली शिफारस १९२६ साली झाली. ते मिळाले १९६६ साली, तो ८७ वर्षांचा असताना. मधल्या काळात त्याचा जावई, मज्जातंतूंवर काम करणारा ॲलन हॉजकिन, १९६३ सालीच नोबेल घेऊन मोकळा झाला होता! गंमत अशी की, म्हाताऱ्या राउसचा एका मताला कडवा विरोध होता. कर्करोग पेशीच्या स्वतःच्याच आनुवंशिक द्रव्यातील बिघाडाने होतो, हे ते मत. आणि त्याच्याच कोंबडीने ते खरे करून दाखविले. १९७० साली हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना, एकाला राउसच्याच विषाणूत आणि दुसऱ्याला उंदरांच्या विषाणूत, असे एक द्रव्य सापडले की, ज्याच्या योगाने हा विषाणू आपली लिपी उलटी लिहून पेशीच्या लिपीत कायमची मिसळून देतो. राउस त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला. ही बातमी त्याला कळली नाही. १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बिशप आणि वार्मस यांच्या प्रयोगशाळेत आढळले की, गाठ उठविणारे ते विषाणूमधले जनुक विषाणूचे नव्हतेच. ते धडधाकट कोंबडीच्या पेशीतले होते. विषाणूने कधीकाळी ते उचलून नेले आणि बिघडवून परत आणले. तेच जनुक पुढे इतर पक्ष्यांत सापडले, सस्तन प्राण्यांत सापडले, माणसातही सापडले. ‘मग आला कुठून?’ या आजीच्या प्रश्नाचे हे उत्तर. बहुतेक वेळा बाहेरून नाही. आत्याच्या कपात काही नव्हते.

‘बहुतेक वेळा’ म्हटले, कारण ससा अजून बाकी आहे. शोपच्या चामखिळाचे भाऊबंद माणसातही आहेत. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन याने १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याच कुळातला एक विषाणू शोधून काढला. त्यापूर्वी दहा वर्षे लोक त्याला हसत होते. २००८ साली त्याला नोबेल मिळाले. हा विषाणू पतिपत्नींच्या संबंधातून जातो, कपातून किंवा मांडीवर बसल्याने नव्हे. आणि तो शिरला तरी बहुतेकींच्या शरीरातून आपोआप निघून जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांच्यातल्या काहींना कित्येक वर्षांनी रोग होतो. हे कळल्यावर तो वेळीच हुडकता येऊ लागला. त्याची कसोटी आपल्याच मराठवाड्यात लागली. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने आणि मुंबईच्या टाटाने उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवात, खेड्यांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना त्यात घेतले. २००९ साली निष्कर्ष आला: ज्या गटात विषाणूची तपासणी एकदाच, आयुष्यात एकदाच, केली त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ऊसतोडीला आणि शेतावर जाणाऱ्या बायका तासभर काम सोडून तपासायला आल्या, त्यांच्यामुळे हे जगाला कळले. त्याच विषाणूविरुद्ध पुण्यात तयार झालेली लस २०२३ पासून मिळू लागली आहे.

आतेबहीण २०१६ साली गेली, हृदयाच्या विकाराने. गाठ तिला कधी झाली नाही. तिची ती मुलगी, म्हणजे माझी भाची, रत्नागिरीत शाळेत शिकविते. गेल्या खेपेस ती आपल्या चौदा वर्षांच्या लेकीला ती लस टोचून घ्यायला पुण्याला आली आणि दोन दिवस आमच्याकडे राहिली. पोरगी चौकस आहे. मी तिला शिंगांच्या सशाचे चित्र काढून दाखविले. तिने ते फोनमध्ये टिपून घेतले. मग का कोण जाणे, मी खण उघडून ते निळे पत्र तिच्या आईपुढे ठेवले.

भाचीने ते दोनदा वाचले. पट्टीवरची आडवी ओळ वाचण्यासाठी तिने कागद फिरवला.

‘‘मग मामा, तुम्ही काय कळवलंत?’’

मी सांगितले. पोस्टकार्डावरचा मजकूर मला शब्दशः पाठ आहे. ती काही वेळ घडी पडलेल्या जागा बोटाने सारख्या करीत बसली.

‘‘आई याबद्दल कधी बोलली नाही,’’ ती म्हणाली, आणि लेकीला चहा हवा का म्हणून विचारायला आत गेली.